माहेरी दीड तास

"काका, चौथ्या दिवशी काहीच लिहिलेलं नाही. प्रिंटर बिघडलाय का तुमचा?"

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत हा फोन मला ठरलेला असायचा. प्रिंटर धडधाकट होता. आयर्लंडची सहल आखताना मी एक दिवस मुद्दाम कोरा सोडत असे, आणि आपल्या माणसाला कोरा दिवस दिसला की आपण फसवले जातोय अशी शंका येते. सुट्टी पूर्ण घेतली आहे, मग मधलाच दिवस वाया का घालवायचा? बहुतेक जण तो दिवस स्वतःच भरून टाकत. एखादा किल्ला, एखादी व्हिस्कीची भट्टी. मी हरकत घेत नसे. पण पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा कोरा दिवस देत असे. त्यामागे एक गोष्ट आहे, आणि ती सांगायला दिवाळी अंकाइतकी ऐसपैस जागा दुसरीकडे मिळत नाही.

मी हॅम्बर्गच्या आल्टोना भागातल्या एका लहानशा राइझेब्युरोत काम केलं. राइझेब्युरो म्हणजे सहली आखून देणारी कचेरी. दोन टेबलं, एक खिडकी, माझ्या आधीपासून तिथे असलेलं एक रबराचं झाड, आणि मालकीण फ्राउ पेटरसन. २०१० नंतर जर्मनीत मराठी इंजिनियर आणि संगणकवाले भराभर वाढले. नेकारसुल्मच्या मोटारी, हेर्त्सोगेनआउराखचे बूट, हॅम्बर्गची विमानं, सगळीकडे आपली माणसं. पॅरिस आणि स्वित्झर्लंड झालं की ती विचारत, आता पुढे काय? फ्राउ पेटरसननी त्यांच्यासाठी मला ठेवलं होतं आणि मी त्यांना आयर्लंड सुचवत असे. फ्राउ पेटरसनना ते कधीच पटलं नाही. मला त्या जर्मन रीतीनं हेर, म्हणजे श्रीयुत, म्हणून हाक मारत. खिडकीबाहेर बोट दाखवून त्या म्हणत, "हेर आपटे, पाऊस आपल्याकडेही आहे. तो बघायला लोक विमानानं का जातात?"

खरं सांगायचं तर मी स्वतः आयर्लंडला कधी गेलो नव्हतो. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. कोणी विचारलं नाही, एवढंच. लग्न जुळवणारे तरी कुठे प्रत्येक मुलीशी लग्न करतात? माझं आयर्लंड टेलिफोनमधून आलेलं होतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या घरगुती खानावळी, म्हणजे रात्रीची खोली आणि सकाळचा गरम नाश्ता देणाऱ्या घरमालकिणी, या माझ्या ओळखीच्या. त्यांना इमेल आवडत नसे. फोन केला की आधी हवा, मग शेजारणीचा गुडघा, मग गाय, आणि शेवटी खोली आहे की नाही. त्यांतली डूलिन गावची नोराबाई माझी विशेष लाडकी. तिचा आवाज जाड घोंगडीसारखा होता. तिकडे बारीक भुरभुर पाऊस आणि धुकं असलं की ती म्हणायची, "आजचा दिवस मऊ आहे." मी फोन ठेवायचो आणि बंदरातल्या फेरीबोटीनं घरी जाताना काचेवरच्या थेंबांतून बघत राहायचो. नदीपलीकडच्या क्रेन धुक्यात विरघळायच्या, पाण्याचा पलीकडचा काठ नाहीसा व्हायचा, आणि एल्बे नदीच्या जागी एखादी पश्चिमेची खाडी असायची. डिंगल, किन्सेल, लाहिंच. नावं तोंडात घोळवली की गोळीसारखी हळूहळू विरघळत. उतरायचा धक्का मी अनेकदा चुकवला आहे.

धंद्याचं थोडं सांगतो. आयर्लंड नकाशावर लहान दिसतं, हा पहिला धोका. अर्ध्या दिवसात आरपार जाऊ, असं आमचे मोटारवाले म्हणत. गाडी डाव्या बाजूनं चालवायची म्हटल्यावर तर त्यांना भरूनच येई. अगदी घरी आल्यासारखं! मग जर्मन सवयीनं गिअर शोधताना उजवा हात दारावर आपटे. पश्चिमेला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि मधून एक गाडी जाईल एवढी जागा, त्यात समोरून मेंढ्या. म्हणून माझा नियम होता : एका दिवशी एक गाव आणि एक समुद्र. दुसरा धोका व्हिसाचा. आयर्लंड युरोपात आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिशावर फिरता येणाऱ्या देशांत, नाही. जर्मनीच्या व्हिशावर तिथे उतरता येत नाही आणि एकदा बाहेर पडलात की जर्मनीत परत शिरायला पुन्हा परवानगी लागते. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत ही चूक हमखास होई. आणि तिसरा धोका, भाज्यांच्या सुपात कोंबडीचं पाणी.

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. हेर्त्सोगेनआउराखच्या एका गृहस्थांनी परत आल्यावर तक्रार केली की किल्ला मोडका निघाला. "एवढं नाव आणि साधी डागडुजी नाही?" मी त्यांना आपल्याकडच्या गडांची आठवण करून दिली. ते म्हणाले, "ते वेगळं. ते आपले." एका मंडळाचे अध्यक्ष चाळीस जणांना घेऊन निघाले, तेव्हा त्यांनी जाताना विमानतळावर नारळ फोडला आणि सफाईवालीची जर्मन बोलणी खाल्ली. त्यांनी सोबत 'आयर्लंड दिग्विजय' असा दोन माणसांनी धरायचा फलक नेला होता. कड्यावर फोटोसाठी तो उलगडला आणि वाऱ्यानं एका झटक्यात नेला. दिग्विजय अटलांटिक महासागरात गेला. फोटोत नुसते रिकामे हात वर केलेले दोन खजिनदार दिसतात. मी तो फोटो बरीच वर्षं खणात ठेवला होता.

आता त्या कोऱ्या दिवसाबद्दल.

निखिल परचुरे नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात होता. बायको रेवती, मुलगा ईशान नऊ वर्षांचा. निखिलची आई विमलताई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. व्हिशाचं मी आधीच बजावलं होतं, त्यामुळे ती आयर्लंडचा वेगळा आणि जर्मनीत दोनदा शिरता येणारा, असे दोन्ही व्हिसा घेऊनच आली. ईस्टरच्या आधी ही मंडळी हॅम्बर्ग बघायला आली आणि सहल पक्की करायला माझ्या कचेरीत येऊन बसली. निखिलनं आखणी स्वतःच करून आणली होती. तासांचे रकाने, रकान्यांना रंग. डब्लिन, कॉर्क, कोव्ह, किलार्नी, डिंगल, मग मोहेरचे कडे, मग गॉलवे, आणि परत डब्लिन. बघून मलाच धाप लागली.

"आल्झो, तर काका," निखिल पेन्सिल फिरवत म्हणाला, "हा दिवस जरा टाइट आहे, पण मोहेर करून आपण दुपारी गॉलवेला."

रबराच्या झाडाशेजारी बसलेल्या विमलताईंनी मान वर केली. "माहेर?"

"नाइन, आजी! मो-हेर," ईशान म्हणाला. "दास झिंड क्लिपेन."

"काय म्हणतोय हा?"

"कडे आहेत अहो आई, समुद्रावरचे," रेवती हसत म्हणाली. "मोहेर नाव आहे."

"ऐकायला माहेरच येतंय," विमलताई म्हणाल्या. त्यांना विनोद कळला होता आणि सोडायचा नव्हता. "मग तिथं किती दिवस?"

निखिलनं रकान्यात पाहिलं. "दीड तास."

"माहेरी दीड तास?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी सासरचा कोणी होतो. "अहो, दीड तासात उंबऱ्यावरची चौकशीसुद्धा संपत नाही. आणि न्यायला कोण येणार? मुराळी कोण?"

नव्या वाचकांसाठी सांगतो, मुराळी म्हणजे सासरच्या मुलीला माहेरी घेऊन जायला येणारा माणूस. भाऊ, नाही तर घरचा कोणी. त्याच्याशिवाय मुलीनं एकटीनं निघायचं नाही, अशी जुनी रीत. मी म्हटलं, "कागदोपत्री मीच."

"बरंय. मुराळ्यानं माहेर तरी बघितलंय का?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी टेबलावरची टाचणी सरळ केली. "फोनवर बोलणं असतं," मी म्हणालो.

त्या हसल्या. मग त्यांनी उगाचच बाहेर पावसाकडे पाहिलं. रेवती आणि निखिल ईशानला घेऊन खाली गाडीचं पार्किंग बघायला गेले, तेव्हा त्या माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. वडील पोस्टमास्तर, दर दोन-तीन वर्षांनी बदली. आई लहानपणीच गेली, भावंड नाही. लग्न झालं त्याच वर्षी वडील गेले. "जावा सणाला माहेरी जायच्या," त्या म्हणाल्या. "त्यांचे मुराळी यायचे, पाहुणचार व्हायचा. तो मीच करायची. मला जायला गावच नव्हतं. म्हणून मघाशी ऐकलं तर बरं वाटलं, एवढंच. तुम्ही मनावर घेऊ नका हो."

मी मनावर घेतलं, पण धंद्याच्या पद्धतीनं. गॉलवेचा मुक्काम एका रात्रीनं कमी केला आणि ती रात्र डूलिनला नोराबाईकडे टाकली. मोहेरचे कडे तिथून दहा मिनिटांवर. निखिल कुरकुरला, पण दीड तासाच्या जागी एक रात्र झाली. मला वाटलं, माझं काम झालं.

सहल निघाली. निखिल रोज फोटो पाठवी. कोव्हला रंगीत घरं, डिंगलला ओला कुत्रा, आणि प्रत्येक फोटोत कडेला स्वेटरवर स्वेटर घातलेल्या विमलताई, कोणीतरी तिथे उभ्या करून ठेवल्यासारख्या. मोहेरच्या दिवशी फोटो आला तो पांढराशुभ्र. मला वाटलं चुकून आला. खाली लिहिलं होतं : 'क्लिफ्स. व्हिजिबिलिटी झीरो. ईशान रडतोय.' असं होतं तिथे. जगभरातून माणसं येतात आणि पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून परत जातात. मी नोराबाईला फोन केला. ती म्हणाली, "दिवस फार मऊ आहे. तुझी म्हातारी मात्र खूष आहे. खाली समुद्र ऐकू येतोय म्हणे."

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत पोचतोय तोच निखिलचा फोन.

"काका, प्रॉब्लेम झालाय. आई निघत नाहीये."

"बरं नाही का?"

"बरं आहे. मस्त आहे! किचनमध्ये बसलीय. म्हणते, तुम्ही पुढे व्हा. मी चार दिवस राहणार. काका, परवा आमची फ्लाइट आहे. सोमवारी ईशानची शाळा आहे, इथल्या शाळा कशा असतात तुम्हाला माहितीय, एक दिवस बुडवला तरी पत्र येतं. आणि तिला एकटीला विमानात कसं बसवू? ती साताऱ्याहून पुण्यालाही एकटी जात नाही, इथेसुद्धा मीच जाऊन आणलं तिला. तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल. मुराळी ना तुम्ही?"

मागून रेवतीचा आवाज येत होता. "मला सांग निखिल, आपण त्यांना घरी बसू देत नाही का? सकाळी सहाला उठून त्या पोळ्या करतात, मी हजारदा नको म्हटलंय. फ्रीजर भरलाय पोळ्यांनी! आणि इथे एका परक्या बाईकडे म्हणे आराम!"

फोन विमलताईंकडे गेला.

"काय झालं ताई?"

"काही झालं नाही. खाल्लं आणि ताट उचलून मोरीकडे निघाले, तर तिनं हातातून काढून घेतलं. खांद्याला धरून मला परत बसवलं. 'सिट' म्हणाली. कुत्र्याला म्हणतात तसं नव्हे हो. आईनं म्हणावं तसं. मग मी बसले. आणि मग उठावंसं वाटेना. कोणी म्हणेना की ऊठ. चूल आहे इथं, तिच्यात ते काय मातीचे गोळे जळतात, ऊब छान येते. मला इथं चार दिवस बसायचंय. उगीच."

"ताई, गॉलवे सुंदर आहे. रस्त्यावर बाजा वाजवणारे असतात. तुमचे कडेसुद्धा बघायचे राहिलेत."

"माहेरी कोणी काय बघायला जातं का?"

माझ्या सगळ्या व्यवसायाला ते एक वाक्य पुरेसं होतं. तेवढ्यात तिकडे खुर्ची सरकली आणि त्या बोलू लागल्या, पण माझ्याशी नाही. "रेवती, इकडे ये गं. तू मला बसवतेस, मला दिसतं. पण ते माझ्या मुलाचं घर. तिथं माझे हात आपोआप चालतात. त्यात तुझा दोष नाही. लेकाच्या घरी आई बसत नाही, बाई. बसते ती आईच्या घरी."

चुलीवर किटली वाजत होती, तेवढी ऐकू आली. मग रेवतीनं फोन घेतला असावा. नाक ओढून ती म्हणाली, "काका, राहू देत त्यांना. मीसुद्धा दोन वर्षं झाली, नाशिकला गेले नाहीये." मग निखिलला म्हणाली, "तू काही बोलू नकोस. तुम्हाला माहेर नसतं, तुम्हाला कळायचं नाही."

"पण आणणार कोण तिला?" निखिल म्हणाला.

मी पलीकडच्या टेबलाकडे पाहिलं. फ्राउ पेटरसनना मराठी येत नव्हतं, पण त्या टायपिंग थांबवून बसल्या होत्या. मी फोनवर हात ठेवून त्यांना जर्मनमध्ये थोडक्यात सांगितलं : एक वृद्ध बाई, डूलिन, एकटी परत येऊ शकत नाही.

"एंडलिश," त्या म्हणाल्या. म्हणजे, एकदाचं! "हेर आपटे, तुम्ही इतकी वर्षं आयर्लंड विकता आहात. जा आणि बघून या, आहे का तिथे."

मी फोनवर म्हणालो, "निखिल, मी येतो. आईंना सांग, मुराळी येतोय. फक्त उलटा. नेणारा नाही, परत आणणारा."

विमलताईंना चार दिवस मिळाले. चौथ्या दिवशी मी पोचायचं, तिथून दुपारच्या बसनं निघून संध्याकाळी डब्लिन, दुसऱ्या दिवशी फ्रँकफुर्टचं विमान. माझा पासपोर्ट जर्मन, त्यामुळे व्हिशाची अडचण नव्हती. ही आखणी माझी असल्यामुळे तिच्यात फट नव्हती.

डब्लिनहून पश्चिमेला जाणाऱ्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो आणि मला विचित्र गुंगी आली. सगळं माझ्या ओळखीचं होतं. पाट्यांवरची गावं मी शेकडो कागदांवर लिहिली होती; ती आता एकामागून एक रस्त्याच्या कडेला उभी राहून मला ओळख देत होती. मी लोकांना सांगत आलो तसेच दगडी बांध होते, तशाच मेंढ्या, तसंच खाली उतरून आलेलं आभाळ. मी सांगितलं म्हणून ते तसं झालं होतं, असं क्षणभर वाटलं. ज्याला सगळं स्वप्नात घडतंय हे माहीत आहे आणि जागं व्हायची घाई नाही, अशा माणसासारखा मी बसलो होतो. डूलिनला दार उघडून खाली उतरलो, तेव्हा एकच गोष्ट नवी निघाली. वास. त्या भागात दलदलीतला चिखल कापून, वाळवून जाळतात. त्याचा गोडसर, जुना धूर सगळ्या गावावर पसरलेला असतो. इतक्या वर्षांत फोनमधून तो आला नव्हता.

नोराबाई दारातच उभी होती. मी मनात रंगवली होती ती धिप्पाड बाई. ही माझ्या खांद्याएवढी. ती पुढे आली आणि काही बोलण्याऐवजी तिनं ओठांवर बोट ठेवलं.

आत स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या मोठ्या खुर्चीत विमलताई झोपल्या होत्या. भर दुपारी. पाय एका स्टुलावर, अंगावर घोंगडी, तोंड किंचित उघडं. फोटोंमधला तो उभा केलेला चेहरा गेला होता. एखादी शाळेतून दमून आलेली मुलगी झोपावी तशा त्या झोपल्या होत्या.

"रोज अशीच झोपते," नोराबाई कुजबुजली. "नाश्ता झाला की झोप. जेवली की झोप. पहिल्या दिवशी मला भांडी घासू लागायला आली होती. मी पळवून लावलं. आता येत नाही."

माहेरी आलेल्या मुलीला झोपेतून उठवायचं नसतं, हा आपल्याकडचा नियम नोराबाईला कोणी सांगितलेला नव्हता. दोघींना एकमेकींची भाषा चार शब्दांपलीकडे येत नव्हती. मी विचारलं, तुम्ही दिवसभर बोलता तरी काय? ती म्हणाली, "ती तिचं बोलते, मी माझं बोलते. भांडण होत नाही."

तिनं चहा केला. आम्ही दोघं टेबलाशी बसून आवाज न करता प्यायलो. खिडकीबाहेर मऊ दिवस होता. बांध होता, बांधापलीकडे गाय होती की नुसता गायीच्या आकाराचा धुक्याचा दाट भाग होता, सांगता येत नव्हतं. बसची वेळ होत आली. नोराबाईनं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नुसतं "ताई" म्हणून हाक मारायची होती. मी आयुष्यभर माझ्या आखणीतून लोकांना वेळेवर बसमध्ये बसवलं. त्यांच्या आयांना उठवलं, त्यांच्या मुलांना शौचालयातून बाहेर काढलं, त्यांच्या तोंडचे घास अर्धे ठेवायला लावले. त्या खोलीत तोंड उघडून हाक मारणं मला जमेना.

बस आली. खिडकीतून तिचे दिवे धुक्यात दोन पिवळ्या डागांसारखे दिसले. ती जरा थांबली आणि गेली. माझ्या हातून गेलेली ती पहिली बस.

त्यानंतर बऱ्याच वेळानं विमलताईंनी डोळे उघडले. मला बघून त्या दचकल्या नाहीत.

"आलात? बसा," त्या खुर्चीतूनच म्हणाल्या. "चहा दिला का तिनं?"

"दिला. ताई, आपली बस गेली."

"जाऊ द्या की. मुराळ्याला एक मुक्काम द्यावाच लागतो. आल्या पावली परत पाठवलं तर सासरचे काय म्हणतील?"

"विमान चुकेल."

"चुकेल?"

"नाही," मी कबूल केलं. "सकाळची पहिली बस धरली तर मिळेल."

"मग मघापासून तोंड असं का केलंय?" त्या म्हणाल्या, आणि घोंगडी पुन्हा छातीपर्यंत ओढून घेतली.

संध्याकाळी वारा सुटला आणि धुकं एकाएकी उठलं. खिडकीत लांबवर समुद्राची एक चकचकीत पट्टी आली. नोराबाई लगबगीनं गाडीची किल्ली घेऊन आली. असा उजेड आठवड्यातून एकदा पडतो, दहा मिनिटांत कड्यावर पोचवते, म्हणाली. मी विमलताईंना सांगितलं. त्यांनी नोराबाईचा हात धरला आणि तिला समोरच्या खुर्चीत बसवलं. "सिट," त्या म्हणाल्या.

मग कड्यावर कोणीच गेलं नाही. सूर्य तिकडे आपापला मावळला. आम्ही ब्रेड आणि बटाट्याचं सूप खाल्लं, सुपाची चौकशी मी केली नाही. विमलताई पोस्टमास्तर वडिलांबद्दल बोलत होत्या, नोराबाई तिच्या गायीबद्दल, आणि मी मधे बसून कोणाचंच भाषांतर करत नव्हतो.

सकाळी बसपाशी निघताना विमलताई दारात थांबल्या. स्वेटर बाजूला करून त्यांनी साडीचा पदर पुढे धरला. नोराबाईला काय करायचं ते कळेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "घरून निघताना काहीतरी द्यायचं असतं. काहीही." ती आत गेली आणि कापडात गुंडाळलेला गरम पाव घेऊन आली. तो तिनं पदरात ठेवला, मग जरा विचार करून वर दोन अंडी ठेवली, उकडलेली. विमलताई अंडी खात नाहीत. त्यांनी पदराची गाठ मारली, आणि ती गाठ बसमध्ये, डब्लिनमध्ये, सुरक्षा तपासणीत आणि विमानात त्यांनी मांडीवरून हलू दिली नाही. फ्रँकफुर्टला निखिल आणि रेवती न्यायला आले होते. रेवतीनं आधी गाठीकडे पाहिलं, मग सासूकडे. "अहो आई, माहेराहून काय आणलंत?" तिनं विचारलं, आणि निखिलनं बॅगा उचलेपर्यंत दोघी तिथेच उभ्या राहून पाव खायला लागल्या.

पुढच्या महिन्यात विमलताई साताऱ्याला परतल्या. दर भाऊबीजेला त्यांचा फोन येतो. आधी हवा, मग शेजारणीचा गुडघा. नोराबाईची चौकशी त्या माझ्याकडे करतात, आणि मी गेलं वर्षभर फोन केला नसेल तर रागावतात. तेव्हापासून माझ्या आखणीत चौथा दिवस कोरा राहिला. भरणाऱ्यांनी भरला. दोन-चार जणांनी तसाच ठेवला. त्यांनी परत आल्यावर मला काहीही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्या दिवशी मी फ्रँकफुर्टहून रात्रीच्या गाडीनं हॅम्बर्गला आलो आणि सकाळी तसाच कामावर गेलो. बंदरावर पाऊस होता. फ्राउ पेटरसननी टायपिंग थांबवलं.

"मग? आहे का आयर्लंड?"

"आहे," मी म्हणालो.

"आणि ते कडे? ज्यांची भिंतीएवढी चित्रं आपण इतकी वर्षं लावतोय?"

मी ओला कोट रबराच्या झाडाशेजारी टांगला. "ते बघायचे राहिले," मी म्हणालो. "सवडच झाली नाही. आम्ही बसलो होतो."